काही करत नाही ते!

घनसावंगी तालुक्यात एक प्रमाणपत्र अजूनही फुकट मिळतं. त्यासाठी सेतूत रांग लावावी लागत नाही, तलाठ्याची सही लागत नाही, सर्व्हरही डाऊन होत नाही. पारावर बसलेला कुठलाही माणूस ते तोंडी देतो: "जा की बिनधास्त जवळ, काही करत नाही ते. लई गरीब हाय." हे प्रमाणपत्र वानराला मिळतं, रोह्याच्या (नीलगाईच्या) वासराला मिळतं, उसाच्या फडात सापडलेल्या ठिपकेवाल्या पिल्लालाही मिळतं. माणसाला तेवढं मिळत नाही. सख्ख्या भावाने बांध चार बोटं कोरला की आपण कोर्टात जातो. पंधरा किलोचं, सुळेवालं जनावर मात्र पहिल्या भेटीतच सज्जन ठरतं.

वानराचा मान त्यात सगळ्यात मोठा, आणि त्याला कारण आहे. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच तालुक्यातलं. 1608 साली नारायण ठोसर इथे जन्मला आणि पुढे समर्थ होऊन त्याने मारुतीची उपासना गावोगाव पोहोचवली. पोरांनी जोर काढावेत, अंगात रग यावी, हा त्यामागचा हिशेब. आम्ही चारशे वर्षांत त्यात सोयीची दुरुस्ती करून घेतली. जोर राहू द्या. शनिवारी वानराला दोन केळी टाकली की उपासना पुरी. केळी महागली तेव्हा बिस्किटाचा पुडा आला. पुडा दहाचा, पुण्य तेवढंच. (जांबच्या राममंदिरातून ऑगस्ट 2022 मध्ये देवांच्या मूर्ती चोरीला गेल्या, त्या माणसांनी नेल्या होत्या. वानरांचं त्या प्रकरणातलं वर्तन निष्कलंक होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.)

आता कुठल्याही शनिवारी रस्त्याकडेच्या एखाद्या मारुतीपाशी उभे राहा. चारचाकी थांबते. वडील, आई, आजी आणि चारपाच वर्षांचं पोरगं उतरतं. त्यांच्याआधी मोबाईल उतरलेला असतो. माद्या आणि पिल्लं पिंपळावरून बघत बसतात. हुप्प्या खाली येतो. घाई नाही, आरडाओरडा नाही. येऊन समोर बसतो आणि एका हाताने वडिलांच्या पँटची शिवण धरतो.

"बघ बघ, हात धरला त्यानं! माणसं ओळखतंय!"

ओळख कसली, ही जकात आहे. नाका आपणच उभारून दिलाय, तो फक्त वसुलीला बसलाय. पोरगं खुशीत येतं, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सगळे दात काढून हसतं. आजी म्हणते, "रामराम घाल बाळा त्याला." इकडे वानरांच्या जगात रोखून बघणं म्हणजे आव्हान आणि दात दाखवणं म्हणजे दमदाटी. म्हणजे आपल्या लेकराने नकळत टोळीच्या दादाला भर चौकात ललकारलेलं असतं. दादा उत्तर देतो. तोंड उघडून भलीमोठी जांभई देतो, वरचे सुळे पार हिरडीपर्यंत दिसतात.

"अगंबाई, झोप आली त्याला!"

झोप आलेली नसते. मारामारीआधी आपली हत्यारं दाखवायची नराची ती रीत आहे. आपण त्या नोटिशीचा व्हिडिओ काढतो आणि वर "जय बजरंगबली" लिहून स्टेटसला ठेवतो. पुढचं इतकं झटपट होतं की व्हिडिओतही नीट येत नाही. पुडा पोराच्या मुठीत, पोर हात मागे घेतं, आणि दात मनगटाच्या वर रुततात. पारावरून लगेच निकाल येतो: "पोरानंच काहीतरी खोडी काढली आसंल. ते तर काही करत नाही."

पण खरी गंमत पुढे आहे. बहुतेक शनिवारी हे कुटुंब सुखरूप घरी जातं. केळी टाकली, फोटो झाला, गाडी जालन्याकडे निघाली. बोचकारली जाते ती सोमवारी त्याच रस्त्याने शाळेत निघालेली मुलगी, कारण तिच्या हातात कॅरीबॅग आहे आणि तिच्यात डबा आहे. तिने जन्मात कधी वानराला केळं टाकलेलं नसतं. वानराला त्याच्याशी काय? कॅरीबॅगचा चुरचुर आवाज आला की आत खाणं असतं, एवढं शिक्षण आपण त्याला पदरमोड करून दिलंय. पुण्य एकाच्या खात्यावर, चावा दुसऱ्याच्या हातावर. इतकी सुटसुटीत योजना सरकारलाही जमलेली नाही.

यात तिसरा खातेदार मोसंबीवाला. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ते वानरांनी वाचलेलं नसलं तरी बाग त्यांनी बरोबर ओळखली. माणूस दिसला की पळायचं, हे शेताशेजारच्या वानराला पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. रस्त्यावर माणसाच्या हातून खायची सवय लागली आणि ते भय गेलं. आता बागवाला गोफण घेऊन धावला तर टोळी जागची हलत नाही, उलट त्याच्याकडे असं बघते की आज पुडा आणायला विसरलास वाटतं. त्याने फटाके लावले की गाडीतले भाविक काच खाली करून म्हणतात, "काय दुष्ट माणूस आहे!" फळं याची जातात, पापही याच्याच माथी.

आणि वानराचं तरी कुठे भलं होतंय? हा मुळात पाला खाणारा जीव. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं. पाला तिथे जिवाणूंच्या मदतीने आंबतो आणि मग पचतो. अशा पोटात मैदा आणि साखर ढकलली की ते बिघडतं. आपण त्याला मारुती म्हणतो आणि आपल्याला डॉक्टरने बंद केलेलं सगळं त्याला चारतो.

वानर आणि गाव यांचं बिनसलं की काय होतं, हे बघायला लांब जावं लागत नाही. गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा, आणि तिथे माजलगाव तालुक्यात लऊळ. डिसेंबर 2021 मध्ये या गावाचं नाव जगभर गेलं. वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, माळवदावर नेतात आणि ती वरून पडून मरतात, अशी ती बातमी. कुत्र्यांनी वानराचं एक पिल्लू मारलं होतं, त्याचा हा सूड, असं गावात सांगितलं जाई. मेलेल्या पिल्लांचा आकडा अडीचशेवर गेला आणि तोच परदेशी वर्तमानपत्रांतही छापून आला. उभ्या मराठवाड्यात दुष्काळाचा आकडा कधी इतक्या तत्परतेने दिल्लीलासुद्धा पोहोचलेला नाही.

जाणकार सूडाची गोष्ट मानायला तयार नव्हते. वानरांच्या माद्यांना पिल्लांचा भारी सोस. एकीचं पिल्लू दुसरी घेऊन बसते, कडेवर मिरवते. कुत्र्याचं पिल्लूही अशाच ओढीने उचललं गेलं असेल, तर वर नेल्यावर त्याला दूध कोण पाजणार आणि माळवदावरून खाली कोण उतरवणार? म्हणजे मारलं रागाने की लाडाने, हा प्रश्न तसाच राहतो. मला विचाराल तर लाडाने हेच पटतं. रानातलं पाडस उचलून घरी आणणारा माणूसही नेमकं हेच करतो, फक्त त्याच्यावर कोणी सूडाचा आरोप ठेवत नाही.

शेवटी वनविभागाचं नागपूरचं पथक आलं आणि दोन वानरं पकडून घेऊन गेलं. गाव मोकळं झालं. आपल्याकडे कुठल्याही प्रश्नाचा शेवट बदलीत होतो, तसा याचाही झाला. पण चटावलेला हुप्प्या पकडून दुसरीकडे सोडला तरी सवयी सेवापुस्तकासोबत जातातच. नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर पहिली कॅरीबॅग दिसेपर्यंतच तो सालस असतो.

सेल्फीवाल्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते वाचत नाहीत. जानेवारी 2023 मध्ये वरंधा घाटात वानरांसोबत फोटो काढताना एक माणूस पाचेकशे फूट दरीत गेला. ऑक्टोबर 2024 मध्ये गडचिरोलीत रानटी हत्तीसोबत सेल्फी घ्यायला निघालेल्या एका तरुण मजुराला हत्तीने तुडवलं. जगाला शहाणपण वाटणाऱ्या पुण्यात डिसेंबर 2020 मध्ये कोथरूडला रानगवा शिरला, तेव्हा उलट झालं: बघ्यांनी त्याला इतकं पळवलं की गवाच मेला. तेव्हा आम्हा घनसावंगीकरांना अडाणी म्हणायचा हक्क निदान कोथरूडला तरी नाही.

आमच्याकडे आता नवी चैन आली आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने ऊस आला, उसाने कारखाने आले, आणि गोदाकाठच्या दाट फडाच्या वाटेने बिबट्याची चर्चाही आली. जुन्नरच्या लोकांनी हे नाटक पंचवीस वर्षं बघितलंय. तिथे माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावं लागलं. बिबट्याच्या मादीला ऊस म्हणजे पाणी, सावली आणि आडोसा एकत्र. ती तिथेच विते. मग गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची टोळी फडात उतरते, कोयता चालता चालता दोन-तीन पिल्लं समोर येतात. डोळे नुकते उघडलेली, मांजराएवढी, म्यँव म्यँव करणारी. अर्ध्या तासात अर्धं गाव बांधावर. पिल्लू या हातातून त्या हातात. सरपंचांचा फोटो, उपसरपंचांचा फोटो, विरोधी गटाचा वेगळा फोटो. "काही करत नाही ते!"

पिल्लू खरंच काही करत नाही. करणारी मागच्या सरीत बसलेली असते. एवढी गर्दी असेपर्यंत ती थांबते. गर्दी पांगल्यावर फडाकडेच्या कोपीत राहतात ती ऊसतोड कामगारांची लेकरं. फोटो पुढाऱ्यांचे, रात्र त्यांची. इथेही हिशेब तोच. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर राज्य सरकार वारसांना 25 लाख देतं. पैसे चांगले आहेत, फक्त ते मोजायला आपण नसतो.

जुन्नरकडची रीत साधी आहे. पिल्लं जिथे सापडली तिथेच, त्याच संध्याकाळी, वनविभागाची माणसं ती क्रेटमध्ये ठेवतात आणि लांब जातात. मादी रात्री येते, एकेक तोंडात धरून घेऊन जाते. या कामात गावाने करायचं एवढंच की घरी बसायचं. नेमकं तेवढंच गावाला जमत नाही.

पाडसाचंही तसंच. हरणी पाडसाला गवतात दडवून तासन्‌तास चरायला जाते. ते एकटं निपचित पडलेलं असतं, कारण आईने शिकवलेलं तेच असतं. आपला एखादा कनवाळू दाजी त्याला "अनाथ" ठरवून घरी आणतो, शेळीला लावतो, गळ्यात घुंगरू बांधतो आणि बातमीदाराला बोलावतो. दीड-दोन वर्षांत नर माजावर येतो. रानातला काळवीट माणसाला बघून उधळतो. हातावर वाढलेला उधळत नाही. त्याच्या लेखी दाजी हा दुसरा नर असतो. मग शिंगं कुठे लागतात ते दाजी पंचनाम्यात सांगत नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यात प्राणी पकडणं हीसुद्धा शिकारच, आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत. तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. "मी त्याला दूध पाजत होतो" हा बचाव कोर्टात कितपत टिकेल, हे दाजीने आधी वकिलाला विचारावं.

एवढं वाचूनही शनिवारी जाणारच असाल, तर चार कामाच्या गोष्टी खिशात ठेवा. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो, हे खोटं आहे. वानर-माकडाच्या चाव्यालाही लस घ्यावी लागते. जखमेवर चुना, हळद, तंबाखू, मिरची काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. पुढचे डोस डॉक्टर सांगतील त्या त्या दिवशी घ्या, "आता बरं वाटतंय" म्हणून मधला डोस सोडू नका. कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं सीरम वेगळं असतं, त्याची चौकशी करा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे. बिबट्याचं पिल्लू दिसलं तर पहिला फोन तिकडे, फोटोग्राफरला नको. आणि केळी घेतलीच असतील तर घरी न्या, पोरांना द्या.