आमचा प्री

माझी ताई न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिचा धाकटा सध्या 'प्री' आहे. अमेरिकेत बारावीनंतर थेट डॉक्टरकीला जाता येत नाही. आधी चार वर्षं कॉलेज, मग पुढची चार वर्षं खरं शिक्षण. त्या पहिल्या चार वर्षांत मूल जे काही असतं त्याला प्री म्हणतात. शेजारच्यांचा प्री-मेड, त्यापलीकडची प्री-डेंटल. आमचा प्री-ऑप्टोमेट्री.

"डोळ्यांचा डॉक्टर होणार," ताई गणपतीच्या आरतीनंतर कुणालातरी सांगत होती.

"मोतीबिंदू काढणारा?"

"तो वेगळा. हा नंबर काढणारा."

समोरच्या काकूंच्या डोळ्यांपुढे गावाकडचं चष्म्याचं दुकान तरळलेलं मला स्पष्ट दिसलं. ताईलाही दिसलं असणार, कारण तिने "काचबिंदू ओळखतात, औषधं लिहून देतात, नावाआधी डॉक्टर लागतं" हे एका श्वासात म्हणून प्रसादाची वाटी पुढे केली.

पदवीचं नाव ओ.डी. मी ३१ वर्षं बँकेत काढली, मला ओ.डी. म्हणजे ओव्हरड्राफ्ट एवढंच ठाऊक. भाच्याने समजूत घातली, की चष्म्याच्या चिठ्ठीवर हीच अक्षरं उजव्या डोळ्यासाठी असतात. मग फीचा आकडा कळला. माझाच अर्थ बरोबर होता.

एवढं सगळं डोळ्यासाठी, पण या प्रीच्या अभ्यासात डोळा जवळजवळ नाहीच. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे षटकोन आहेत, सूक्ष्मजंतू आहेत, स्टॅटिस्टिक्स आहे, मानसशास्त्रसुद्धा आहे. भिंग येतं ते फिजिक्सच्या दुसऱ्या सेमिस्टरच्या शेपटाला, सगळ्यांना सुट्टीचे वेध लागल्यावर. रात्री दोन-दोनपर्यंत स्क्रीनसमोर बसून त्याचा स्वतःचा नंबर मात्र दोनदा वाढला.

त्यांची प्रवेशपरीक्षा ओ.ए.टी. नव्वद मिनिटांत विज्ञानाचे शंभर प्रश्न, मग उताऱ्यांवरचे पन्नास, फिजिक्सचे आणि गणिताचे प्रत्येकी चाळीस. "डेंटलवाल्यांच्या परीक्षेत फिजिक्सच नाही, मामा," हे तो इतक्या वेळा सांगतो, की आता मलाही दंतवैद्यांबद्दल थोडी कणव वाटू लागली आहे.

पण प्रीचा खरा जीव अडकलेला असतो तासांत. चष्म्याच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नुसतं मागे उभं राहून बघायचं, त्याला शॅडोइंग म्हणतात. आपल्याकडे याला लुडबुड म्हणतात आणि त्यासाठी ओरडा बसतो. इथे त्याची नोंद होते. काळोख्या खोलीत हात मागे बांधून हा उभा राहतो, घरी येऊन एक्सेलमध्ये अडीच तास लिहितो आणि त्या डॉक्टरांची तब्येत सांभाळून असतो, कारण शिफारसपत्र त्यांच्याकडून यायचंय. त्यांना साधी सर्दी झाली तरी याच्या घशाशी येतं.

उभं राहून राहून त्याला दुकानाची भाषा मात्र लागली आहे. परवा ताईने आमटीची चव बघायला सांगितली. एक चमचा चाखला, मीठ घालायला लावलं, पुन्हा चाखली.

"एक बरी की दोन? की दोन्ही सारख्याच?"

ताईने डाव उगारला.

निघायच्या आदल्या दिवशी माझा चष्मा नाकावरून घसरायला लागला. म्हटलं, घरचा डॉक्टर आहे, नंबरही बघून टाक. तो दचकला. "मामा, मला अजून परवानगी नाही. मी प्री आहे." मग खिशातून इवलासा पेचकस काढला, दांडीचा स्क्रू घट्ट केला, नाकावरच्या पट्ट्या बोटांनी हलकेच दाबल्या, काचा पुसल्या आणि चष्मा माझ्या कानांवर असा बसवला की पुण्याच्या आमच्या दुकानदाराला दहा वर्षांत जमलं नव्हतं.

मी तोंडभरून कौतुक करायला गेलो, तर त्याचं लक्ष घड्याळाकडे.

"सात मिनिटं," तो पुटपुटला. "मामा, तू पेशंट म्हणून सही देशील का?"