आठवड्यातून एकदा स्टार्ट

मुंबईत एखादी वस्तू म्हातारी झाली की ती कोकणात येते. आमच्याकडे आधी फ्रिज आला. त्यात बर्फ होत नाही, अशी तक्रार होती. इथं आल्यापासून त्यात बर्फाशिवाय दुसरं काही होत नाही. मग मिक्सर आला, मग दोन गाद्या आल्या आणि एका मे महिन्यात मुलानं नवी मोटार घेतली म्हणून जुनी गावाला आणून सोडली. (सोडली हे क्रियापद लोक मांजरांसाठी वापरतात, पण इथं तेच बरोबर आहे.)

त्यानं खळ्याच्या कडेला गाडी लावली, वर निळी ताडपत्री घातली आणि किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. "बाबा, चालवायच्या भानगडीत पडू नका. फक्त आठवड्यातून एकदा स्टार्ट करा, नाहीतर बॅटरी उतरेल."

उभ्या वाहनाचं काय होतं, हे विजयदुर्गच्या माणसाला मुंबईहून सांगायची गरज नाही. १७५६च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह इथं चालून आले, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकाला एक लागून उभं होतं. एका जहाजानं पेट घेतला आणि बघता बघता सगळं आरमार जळालं. त्यामुळे मी मुलाची आज्ञा मनावर घेतली. दर रविवारी आंघोळ झाली की ताडपत्री दुमडायची, बॉनेटवरच्या कोंबडीला उठवायचं, आत बसायचं आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. दोन्ही हात स्टीअरिंगवर, नजर समोरच्या माडावर.

शेजारची काकी गडग्यावरून विचारायची, "खंय भायर सरलास?"

"खंय नाय."

"मगे बसलास कित्याक?"

याला उत्तर नव्हतं. पुढं पुढं मी काच वर करून बसायला लागलो.

असं सहा महिने चाललं. बॅटरी ठणठणीत राहिली, पण पेट्रोलचा काटा तळाला गेला. जागच्या जागी उभ्या गाडीत मी सहा महिन्यांत मुलानं टाकीत ठेवलेलं थोडंफार पेट्रोल संपवलं होतं. आता स्टार्ट करायला पेट्रोल हवं, पेट्रोलसाठी गाडी पंपावर न्यायला हवी आणि पंपावर न्यायची तर ती चालवता यायला हवी. कॅनमधून आणावं म्हटलं, तर कॅन घेऊन एसटीत चढू देत नाहीत. त्रेपन्नाव्या वर्षी मी गाडी शिकायला निघालो, त्यामागं जिद्द, आत्मविश्वास, नवं क्षितिज वगैरे काही नव्हतं. बॅटरी उतरू नये, एवढाच हेतू होता.

घरातून विरोध होता. १७ मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय. तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक वाहनाची तुलना अर्ध्या तिकिटाशी होते. "मी देवगडला जाऊन येते तेवढ्यात तुमची गाडी खळ्यातून बाहेर तरी निघेल का?" असा प्रश्न आला. विमा, टायर आणि पेट्रोल मिळून येणारा आकडा मी कागदावर मांडला आणि कागद फाडून टाकला.

चाळिशी उलटलेल्या माणसानं शिकाऊ लायसन्स मागितलं की सरकारला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. नमुना १-अ. माणूस चाळिशीनंतर बिघडतो असं आमच्याकडे पूर्वापार म्हणतात, कायद्यानं ते फक्त छापलं. या प्रमाणपत्रासाठी मी दवाखान्यात बसलो असताना शेजारी एक तांडेल येऊन बसला. वय छप्पन्न. तीस-पस्तीस वर्षं ट्रॉलर चालवलेला माणूस, आता गुडघे धरले म्हणून बोट पुतण्याला दिली आणि स्वतः मासळीसाठी टेम्पो घ्यायचा विचार. आधी मोटारीचं लायसन्स काढतो, मग बघतो, म्हणाला.

डॉक्टरनं विचारलं, "लाल आणि हिरवा ओळखता येतो ना?"

"येता तर! लाल डावीकडे, हिरवो उजवीकडे."

डॉक्टर जरा थांबला. तांडेलानं त्याला समजावून सांगितलं की रात्री समोरून येणाऱ्या बोटीचा लाल दिवा दिसला तर ती तिची डावी बाजू आणि हिरवा दिसला तर उजवी. डॉक्टरनं निमूटपणे सही केली. विजयदुर्गात सिग्नल नाही, त्यामुळे या ज्ञानाची परीक्षा होण्याचा संभव नव्हता. अर्जात आणखी एक प्रश्न असतो, पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? आमच्या गावात नंबरप्लेट कुणी वाचत नाही. नुसत्या हॉर्नवरून गाडी कुणाची, आत कोण बसलंय आणि कुणाच्या बाराव्याला निघालंय, एवढं कळतं.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा आता घरबसल्या देता येते. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. कॅमेऱ्यासमोर एकट्यानं बसायचं, नजर हलवायची नाही. पण कोकणातल्या घरात एकटं बसायचं कुठं? माझ्या दहाव्या प्रश्नाला काकीनं खिडकीतून उत्तर दिलं. ते चूक होतं आणि मी माझ्या बुद्धीनं वेगळं दिलं, ही गोष्ट मी इथं मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मग क्लास सुरू झाला. मास्तर चोवीस वर्षांचा. कानात वायर, डोळ्यांत झोप. पुढं मी, मागं तांडेल, मध्येच अदलाबदल. क्लासच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. ही गोष्ट मला दहाव्या दिवशी कळली. तोपर्यंत मी काय सुंदर ब्रेक मारत होतो! वळणावर गाडी आपोआप हळू व्हायची, चढावर बंद पडायची नाही. मी घरी येऊन सांगायचो, जमलं. अकराव्या दिवशी मास्तरनं पाय उचलून सीटवर मांडी घातली आणि गाडी तीन उड्या मारून बंद पडली. बाई सरपंच झाली आणि ग्रामपंचायतीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर नवरा येऊन बसला, तर स्टीअरिंग कुणाकडे आणि ब्रेक कुणाकडे, हे मला त्या दिवशी शरीरानं कळलं.

सरावाला गिर्येच्या सड्यावर जायचो. उघडा कातळ, वारा आणि गुरं. या भागात चार हजार मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प यायचा होता. आंबेवाल्यांनी हापूस जाईल म्हणून विरोध केला आणि प्रकल्प राहिला. त्यामुळे जो मोकळा सडा वाचला, त्यावर मी गाडी शिकलो. एका नवशिक्याला इतकी मोठी जागा राज्यात दुसरीकडे मिळाली नसेल.

तांडेलाची अडचण माझ्याहून वेगळी होती. मला काहीच येत नव्हतं. त्याला सगळं येत होतं, फक्त समुद्राचं. बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर इंजिन उलटं घ्यायचं. सड्यावर म्हैस आडवी आली तेव्हा तांडेलाचा पाय हललाच नाही, हात मात्र गिअरवर गेला आणि चालत्या गाडीत त्यानं रिव्हर्स टाकायला घेतला. गिअरबॉक्सनं जो आवाज काढला, तो ऐकून म्हैसच बाजूला झाली. शिवाय बोट वळायला वेळ घेते, म्हणून त्याला वळण यायच्या आधीच वळायची सवय. दोन वेळा आम्ही वळणाच्या अलीकडे गडग्याला भेटलो. मास्तर ओरडायचा, "काकानू, अजून वळण येवक नाय!" काकानू म्हणायचे, "येतलाच मा."

पण खरी मजा रामेश्वरच्या रस्त्यावर झाली. समोरून एसटी आली. समुद्रावर दोन बोटी समोरासमोर आल्या की दोघींनी आपापल्या उजवीकडे सरायचं आणि एक छोटा भोंगा द्यायचा, म्हणजे मी उजवीकडे जातोय हे समोरच्याला कळतं. तांडेलानं शिस्तीत एक हॉर्न दिला आणि गाडी उजवीकडे घेतली. एसटीच्या ड्रायव्हरला हा नियम माहीत नव्हता. तो आपल्या डावीकडे, म्हणजे आमच्यावर येत राहिला. मास्तरनं दोन्ही पाय पायडलांवर ठेवले आणि डोळे मिटले. दोन्ही गाड्यांच्या मध्ये हातभर जागा राहिली. एसटीवाल्यानं खिडकीतून मान काढली, तांडेलाला ओळखलं आणि रागाच्या जागी त्याच्या तोंडून निघालं, "काय रे, आज सुरमई गावली काय?"

एका बाबतीत मात्र तांडेलानं मला खाली मान घालायला लावली. गाडी मागं घेण्यात. मी रिव्हर्सला लागलो की गावातली माणसं घराच्या पायरीवर येऊन उभी राहत. तांडेल आरसे न बघता, नुसतं खांद्यावरून एकदा पाहून, गाडी दोन चिऱ्यांच्या खांबांमधून अशी आत घ्यायचा की जणू भरतीचं पाणीच तिला आत घेऊन जातंय. गिर्येजवळ खाडीकाठी आंग्र्यांची जुनी गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की तळ दुरुस्त करायचा. ज्यांच्या पूर्वजांनी गुराबांसारखी जहाजं पार्क केली, त्यांच्याशी मी काय स्पर्धा करणार?

गतिरोधकांचीही आमच्याकडे ऐतिहासिक परंपरा आहे. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली एक भिंत आहे. उथळ बुडीची आपली गलबतं तिच्यावरून निघून जायची आणि शत्रूचं खोल बुडीचं जहाज जोरात येऊन आपटायचं, असं सांगतात. वर फलक नाही, पांढरे पट्टे नाहीत. आमच्या रस्त्यांवरचे गतिरोधक आजही त्याच तंत्रानं बांधलेले आहेत. गावातल्या गाड्या बरोबर जागा ओळखून हळू होतात, बाहेरचा मात्र आपटतो. फरक इतकाच की क्लासमध्ये असताना मीही शत्रूतच मोडत होतो.

सल्ले तर किती आले! ज्यानं आयुष्यात सायकलच्या पुढं काही चालवलं नाही, तो क्लचवर बोलायचा. पानाच्या टपरीवर मला 'हाफ क्लच'ची तीन परस्परविरोधी व्याख्यानं मिळाली. चाकरमानी फोनवरून सांगायचे, "हायवेला घाल, हायवेला गेल्याशिवाय हात साफ होत नाही." हायवे म्हणजे मुंबई-गोवा. माझ्या शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिने. त्या रस्त्याचं चौपदरीकरण २०११पासून चाललंय, म्हणजे तो माझ्यापेक्षा कितीतरी जुना शिकाऊ आहे, फक्त त्याला कुणी लाल एल लावलेला नाही. दर गणपतीला त्याची परीक्षा असते आणि दर गणपतीनंतर नवी तारीख मिळते. दोन शिकाऊंनी एकमेकांवर सराव करू नये म्हणून मी, तळेऱ्याला हायवे लागतो, त्याच्या पुढं गेलो नाही.

आणि २०२५मध्ये तर माणसांना गाड्यांसकट मुंबईहून विजयदुर्गला आणणाऱ्या रो-रो बोटीची घोषणा झाली. तांडेल खूश. "बघ, शेवटी गाडी बोटीतच घालूची. मगे मी हय गिअर कित्याक शिकतंय?"

चाचणीचा दिवस आला. आम्ही दोघं मास्तरच्या गाडीतून गेलो. मी रात्रभर झोपलो नव्हतो. तांडेल वाटेत घोरत होता. माझी पाळी आली. साहेब म्हणाले, पुढं घ्या. घेतली. मागं घ्या. घेतली, आणि या खेपेला पाहायला पायरीवर कुणी नव्हतं, म्हणून बरी गेली. थांबवा. थांबवली. संपलं. वर्ष-सहा महिने ज्याची धास्ती घेतली होती, ते चहा निवायच्या आत आटोपलं. तांडेलानं डावी बाजू धरली. उजवीकडे जायचा मोह झाला होता, पण समोर बोट नव्हती, असं नंतर म्हणाला.

लायसन्स आलं. त्यावर माझ्या साठीची तारीख होती. पन्नाशी ओलांडून पंचावन्नच्या आत असलेल्याला साठीपर्यंतच लायसन्स मिळतं, पुढं पुन्हा अर्ज. तांडेल पंचावन्नच्या वर, त्याला पाचच वर्षांचं. तो कार्ड उलटसुलट करून बघत राहिला. "जाळ्याक पण याच्यापेक्षा जास्त गॅरंटी मेळता."

आता मी गाडी चालवतो. पेट्रोल भरून आणलं. पडेल गावापर्यंत जाऊन बाजारहाट करतो. हिनं दोन वेळा एसटीचं अर्धं तिकीट वाचवलं, म्हणजे तिच्या हिशेबानं माझी मोटार अजून तोट्यातच आहे. रस्त्यात कुणी हात केला की थांबतो, माणूस काचेतून आत बघतो, मला पाहतो आणि म्हणतो, "ऱ्हवांदे, माझी एसटी येतली." गावात कुणी मुलाला कळवलंसुद्धा नाही. आमच्याकडे शिंक आली तरी दादरला कळते, पण ही बातमी गेली नाही, कारण मी जे करतो ते 'गाडी चालवणं' आहे, असं गावात कुणाला वाटलंच नाही.

गणपतीला मुलगा आला. ताडपत्री त्यानंच काढली. किल्ली लावली, इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. खूश झाला. मग डॅशबोर्डकडे बघत राहिला.

"बाबा, गाडी साडेआठशे किलोमीटर चाललीय."

"तूच सांगितलंस ना, आठवड्यातून एकदा स्टार्ट करा म्हणून."

"अहो, पण स्टार्ट केल्यावर किलोमीटर कसे पडतील?"

मी माडाकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून मोदकाच्या उकडीचा हात पुसत ही बाहेर आली.

"तुझे बाबा जरा लांबपर्यंत स्टार्ट करतात," ती म्हणाली. "पडेलपर्यंत."