किमान पात्रताताई, स. न. वि. वि.

विंडोज 11 च्या दारात बसलेल्या किमान पात्रताताई यांस,
मु. पो. औंढा नागनाथ, जि. हिंगोली येथून एका अपात्र मशीनच्या मालकाचा नमस्कार.

पत्रास कारण की, तुम्ही आमच्या दोन नंबरच्या मशीनला अपात्र ठरवलंत. हा शब्द आमच्या ऑनलाइन सेवेच्या दुकानाला नवा नाही. लाडक्या बहिणीचे फॉर्म इथंच भरले गेले. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर, अपात्र. दारात चारचाकी, अपात्र; ट्रॅक्टर असला तर चालतो. पण तिथं कारण ऐकल्यावर बाई नवऱ्याकडं बघते आणि नवरा चपलेकडं. तुमचं कारण ऐकून आम्ही सगळे मशीनकडं बघत बसलो, आणि मशीन मात्र निवांत कुणाचा तरी सातबारा काढत होतं.

ओळख करून देतो. जन्म 2016, पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं. आय फाइव्ह, सहावी पिढी. आलं तेव्हा रॅम चार जीबी होती, आम्ही आठ केली. पुढं हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली. आधी चालू करून चहा सांगायचो, आता चहा सांगायच्या आत ते तयार असतं. पावसाळ्यात कधी डिस्प्ले येत नाही. मग रॅम काढायची, पोरांच्या कंपासमधल्या खोडरबरानं तिची सोनेरी पट्टी घासायची आणि परत खटकन बसवायची. एवढंच त्याचं आजारपण. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला रात्री एकपर्यंत ते चालतं. त्या वेळी बंद पडते ती साइट.

तर तुमच्या हेल्थ चेकनं त्याच्यावर तीन फुल्या मारल्या. पहिली, टीपीएम 2.0 नाही. ही गुप्त किल्ल्या जपणारी तिजोरी म्हणे. बायोसमध्ये शिरलो तर ती प्रोसेसरच्या पोटातच पीटीटी नावानं झोपलेली होती. उठवली. दुसरी फुली सिक्युअर बूटची. त्यासाठी डिस्कची मांडणी बदलावी लागते. सगळा डेटा पेनड्राइव्हवर घेऊन, देवाचं नाव घेऊन तेही केलं. दोन फुल्या पुसल्या. तिसरी मात्र जन्मतारखेची निघाली: प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे. ताई, तहसीलला निदान दुरुस्तीचा अर्ज असतो हो.

सातवी पिढीसुद्धा तुम्ही दारातच अडवलीत. पण ऑगस्ट 2021 मध्ये त्या पिढीतल्या ज्या मोजक्यांना आत घेतलंत, त्यांत आय सेव्हन 7820एचक्यू हा एक होता. तो कुठं बसलेला? मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्याच सरफेस स्टुडिओ 2 मध्ये. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायची रीत आमच्याकडंही आहे, त्यामुळं त्याबद्दल तक्रार नाही.

राहता राहिला परीक्षेचा प्रश्न. या बाबतीत आमचा जिल्हा तुमच्यापेक्षा जुना आहे. नर्सी इथलंच, नामदेव महाराजांचं. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर वाजवलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती कथा आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असते. पण काकांनी वाजवून आवाज तरी ऐकला. तुम्ही आवाज ऐकलाच नाहीत, मडक्याच्या बुडाखालचं साल वाचलंत. आणि कच्चं ठरलं म्हणून काकांनी मडकं फोडलं नव्हतं. नामदेव गुरूच्या शोधात निघाले ते थेट आमच्या औंढ्याला, विसोबा खेचरांकडं आले. देऊळ दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. आमच्या मशीनला कुठं पाठवायचं, तेवढं कळवा.

गंमत म्हणजे, तुम्हाला टाळून आत जायची खिडकी आहे. रूफस नावाचं एक छोटं, फुकटचं सॉफ्टवेअर तुमच्या अटी गाळून पेनड्राइव्ह तयार करून देतं. एका रविवारी दुकान बंद ठेवून याच मशीनवर विंडोज 11 टाकून पाहिलं. चाललं. प्रिंटर चालला, अंगठ्याचं यंत्र चाललं, मराठी टायपिंग चाललं. मशीनला जमत नाही म्हणून तुम्ही अडवलंत असं निदान मला तरी कुणी सांगू नये. पण असं मागच्या दारानं आलेल्याला अपडेट मिळतीलच याची खात्री नाही, हे तुमच्या मालकांनी आधीच सांगून ठेवलंय. मांडवात बसा, पंगतीचं सांगता येत नाही.

वयाचंच काढलंत म्हणून सांगतो. इथून जवळच लायगो-इंडिया उभं राहतंय. कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात उठणारा तरंग टिपायचा, त्यासाठी चार-चार किलोमीटरचे दोन हात. त्याला केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली फेब्रुवारी 2016 मध्ये, म्हणजे आमच्या मशीनच्या जन्मसाली. पुढं 2600 कोटींची अंतिम मंजुरी 2023 ला. म्हणजे आमच्या मशीनच्या जोडीचं यंत्र अजून बाळसं धरतंय, आणि आमचं तुम्ही म्हातारं करून ओट्यावर बसवलंत.

तसं विंडोज 10 वर राहायला आमची हरकत नव्हती. 2015 मध्ये कंपनीच्याच एका माणसानं परिषदेत सांगितलं होतं की ही शेवटची विंडोज. शेवटची म्हणजे आमची शेवटची, हा अर्थ आम्हाला उशिरा लागला. 14 ऑक्टोबर 2025 ला तिचे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले. मग घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदतवाढ आली, पीक कर्जाचं पुनर्गठन असतं तसली. तीस डॉलर भरा, नाहीतर हजार पॉइंट जमवा, नाहीतर सेटिंग कंपनीच्या क्लाउडवर ठेवा. युरोपातल्या लोकांना मात्र यातलं काही न करता, नुसत्या खात्यावर. याच विंडोज 10 ची एक आवृत्ती कारखान्यातल्या आणि तसल्या खास यंत्रांसाठी असते, तिला जानेवारी 2032 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. औषध तयार होतंय, ताई. फक्त आमच्या पेठेतलं दुकान बंद केलंय.

आणि ते औषध आम्हाला लागतं, हे कबूल करतो. गावाच्या आधारच्या झेरॉक्सी, बँकेची पासबुकं, जमिनीचे उतारे आमच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेले असतात. मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीनं पासवर्ड लावलाय, ते चूकच आहे, काढतो. सुरक्षा नको असं आम्ही म्हणतच नाही. ज्याच्या घराला कुलूप नाही त्याला कुलूप द्यायचं सोडून तुम्ही नवीन घर बांधा म्हणता, एवढंच दुखतं.

लिनक्स मिंट टाकून पाहिलं. मशीन पहिल्यापेक्षा हलकं चालतं, खोटं कशाला बोलू. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवतात. पण आमच्या अंगठ्याच्या यंत्राचा आणि सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर तिथं काही केल्या बसला नाही, आणि जुन्या फॉन्टातले मराठी अर्ज उघडले की मोडी वाचल्यासारखं होतं. शेजारचा पत्रिकावाला सुखी आहे. तो अजून एक्सपीवर पेजमेकरमध्ये लग्नं लावतो. नेटच घेतलं नाही, त्यामुळं तुमची नोटीस त्याला पोचलेली नाही.

कॅनालिस या संस्थेनं डिसेंबर 2023 मध्ये अंदाज केला होता की तुमच्यामुळं जगात 24 कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. आमच्या गल्लीत येणारा भंगारवाला किलोनं घेतो. सहावी पिढी आणि आठवी पिढी त्याच्या काट्यावर सारखीच भरते.

तरी एकदा समक्ष या, मशीन दाखवतो. दुकान सकाळी नऊला उघडतं, लाइट असली तर. येताना मूळ आधार कार्ड, दोन फोटो आणि आधारला लिंक असलेला मोबाईल आणा. ओटीपी आल्याशिवाय आमच्याकडं कुणाचंच काम होत नाही.

आपला,
दोन नंबरच्या मशीनचा मालक