छावणी चालवावी कशी? (नवख्या गॅरिसन इंजिनिअरसाठी)

‘घर पाहावं बांधून’ असं ज्याने म्हटलं त्याने घर बांधलं असेल, पण सांभाळलं नसावं. शिवाय तो एकाच घराबद्दल बोलत होता. तुमच्याकडे आजपासून हजारभर क्वार्टर्स, एक इस्पितळ, तीन मेस, दोन पंपहाउस, एक पोहण्याचा तलाव, दारूगोळ्याची भांडारं आणि एक स्टेशन कमांडर एवढं सगळं आलं आहे. अभिनंदन. तुम्ही गॅरिसन इंजिनिअर झालात. यापुढे तुम्हाला नावाने कुणी हाक मारणार नाही. ‘जी.ई. कुठाय?’ एवढंच विचारतील, आणि विचारणाऱ्याच्या आवाजावरून पाणी गेलंय की वीज, हे ओळखायला तुम्ही महिन्याभरात शिकाल.

तुमचं खातं मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, म्हणजे एमईएस. 1923 सालचं. लष्कर, नौदल, हवाई दल, तिघांचीही घरं, रस्ते, पाणी आणि वीज याच खात्याच्या गळ्यात. तुम्ही वर्दीतले असाल तर दापोडीच्या सी.एम.ई.त (कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये) शिकून आला असाल. गोळीबारात नदीवर पूल कसा टाकावा, सुरुंग कसे काढावेत, हे तिथे पक्कं करून घेतात. ते ज्ञान सध्या बाजूला ठेवा. सध्याचा प्रश्न असा आहे की 14 नंबरच्या क्वार्टरमध्ये मोरीचं पाणी उलटं का येतं. बिनवर्दीचे, म्हणजे परीक्षा देऊन आय.डी.एस.ई.तून (इंडियन डिफेन्स सर्व्हिस ऑफ इंजिनिअर्समधून) आलेले असाल, तर पूल येत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मोरीपुढे सगळे सारखे.

शिडी समजून घ्या. तुमच्यावर सी.डब्ल्यू.ई. (कमांडर वर्क्स इंजिनिअर), त्यांच्यावर झोनचे चीफ इंजिनिअर, त्यांच्यावर कमांडचे (आपल्याकडे पुण्यातल्या दक्षिण कमांडचे), आणि सगळ्यांवर दिल्लीत इंजिनिअर-इन-चीफ. मंजुरी आणि पैसा या शिडीने खाली उतरतो. तक्रार मात्र या शिडीने चढत नाही, ती स्टेशन हेडक्वार्टर्समधून आडवी येते. स्टेशन कमांडर तुमच्या खात्यातले नाहीत. तुमच्या कामाचा पैसा ते देत नाहीत. पण गिझर त्यांच्याही घरी आहे.

पायरी पहिली: चार्ज घ्या. जाणारे साहेब चहा पाजतील, रजिस्टरं दाखवतील आणि कपाटातली नकाशांची भेंडोळी तुमच्या हवाली करतील. नकाशे नीट पाहा. खडकी-देहूरोडसारख्या जुन्या छावणीत मंगलोरी कौलांचे साहेबी बंगले आहेत, दुसऱ्या महायुद्धात ‘तात्पुरत्या’ म्हणून उठवलेल्या आणि अजून नांदत्या बराकी आहेत, आणि 2002 नंतरच्या मॅरिड अकोमोडेशन प्रोजेक्टच्या उंच इमारती आहेत. प्रत्येक काळाने आपापला पाइप टाकला आणि आधीचा काढायचा राहून गेला. नकाशात पाण्याची लाइन मेसच्या पूर्वेने जाते. प्रत्यक्षात ती कुठून जाते हे व्हॉल्व्हमनला ठाऊक. त्याच्याकडे आपण येऊच.

पायरी दुसरी: सीमा ओळखा. पाकिस्तानची नव्हे. तुमच्या हाताखाली दोन प्रजा आहेत. बी/आर म्हणजे इमारती आणि रस्ते, ई/एम म्हणजे वीज आणि यंत्रं. छताचा पंखा ई/एमचा, पण तो ज्या हुकावर लटकतो तो हुक छतातला, म्हणून बी/आरचा. गिझर ई/एमचा. भिंतीतून त्याच्यापर्यंत आलेला पाइप बी/आरचा. आता पाणी नेमकं दोघांच्या जोडावरून ठिबकतंय. बी/आरचा जे.ई. येतो, पाहतो, म्हणतो, ‘साहेब, गिझर लीक आहे.’ ई/एमचा जे.ई. येतो, पाहतो, म्हणतो, ‘साहेब, पाइप लीक आहे.’ दोघेही खरं बोलतात, दोघांच्याही रजिस्टरात तक्रार निकाली निघते आणि घरातली बादली रोज दोनदा भरते. यावर उपाय म्हणजे दोघांना एकाच वेळी, एकाच गाडीतून, त्याच घरी पाठवणे. गाडी एकच असेल याची खात्री करा. दोन दिल्यात तर दोन वेळा जातील.

खुर्ची मोडली तर ती या दोघांचीही नाही. ती बॅरक स्टोअर्स ऑफिसरची. घर सोडताना पलंग, टेबल, दिव्याचे होल्डर मोजून दिले जातात, कमी भरलं किंवा तुटलं तर बॅरक डॅमेज म्हणून राहणाऱ्याकडून वसुली होते. कारगिल पाहिलेला सुभेदार एका काचेच्या तावदानासाठी कसा भांडतो, हे एकदा पाहून घ्या. त्याचं म्हणणं बहुधा बरोबर असतं. ती काच तो राहायला येण्याआधीच तडकलेली असते.

पायरी तिसरी: कागद. कुणाला किती खोल्या, त्यात किती प्लग, हे सगळं ‘स्केल्स’मध्ये हुद्द्यानुसार छापलेलं आहे. त्याबाहेर एक प्लगही देता येत नाही. नवी शेड हवी असेल तर आधी अधिकाऱ्यांचा बोर्ड बसतो, मग जागा ठरवायला सायटिंग बोर्ड बसतो, मग अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मंजुरी, आणि तोवर शेड मागणारी पलटण बदलून दुसरी आलेली असते. तिला शेड नको असते, तिला व्हॉलीबॉलचं मैदान हवं असतं. युद्ध पेटलं किंवा पूर आला तर स्थानिक कमांडरला लेखी हुकूम देऊन मंजुरीआधीच काम सुरू करवता येतं. बाथरूमची फरशी निसरडी होणं यात बसत नाही. बसवायचा प्रयत्न झालेला आहे.

या कागदांना हसायला हरकत नाही, पण एक लक्षात असू द्या. ज्या साहेबाने ‘होऊन जाऊ दे, कागद मागून करू’ म्हटलं, त्याचं ऑडिटवाल्यांशी पेन्शनीत गेल्यावरही पत्रव्यवहार चालू असतो. मोजमाप पुस्तिकेत खोडाखोड करायची असेल तर रेघ मारून सही करा. रबर वापरू नका.

पायरी चौथी ते सातवी टेंडरच्या आहेत. आयएएफडब्ल्यू-2249 हा कंत्राटाच्या सर्वसाधारण अटींचा दस्त वाचा. मग परत या.

पायरी आठवी: पाणी. सगळी नोकरी इथे आहे. स्टेशन हेल्थ ऑफिसर तुमच्या टाकीतलं क्लोरीन तपासतील. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तरी मोकळं क्लोरीन उरलं पाहिजे. ब्लिचिंग पावडर किती टाकायची हे ठरवायला हॉरॉक्स नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने एक पेटी काढली, ती आपल्याकडच्या आरोग्य केंद्रांत पार खेड्यापर्यंत पोचली. सहा पांढरे पेले आणि एक काळा. काळ्यात पावडरचं द्रावण, त्यातला एक थेंब पहिल्या पेल्यात, दोन दुसऱ्यात, असे सहापर्यंत. अर्धा तास थांबून दर्शकाचे थेंब टाकायचे आणि निळा होणारा पहिला पेला पाहायचा. तो तिसरा असेल तर 455 लिटर पाण्याला 6 ग्रॅम पावडर. 455 लिटर हा आकडा विचित्र वाटला तर गॅलन आठवा. शंभर गॅलनांचे तेवढेच होतात. साहेब गेले, गॅलन राहिले.

एवढं शास्त्र कळलं की पंपहाउसवर जा. तिथे बाकड्यावर पन्नाशी उलटलेला एक माणूस बसलेला दिसेल. त्याला सगळे मामा म्हणतात, तुम्हीही म्हणा. ‘तुम्ही’ म्हणून बोला, उभे राहून बोला. मामांना वरच्या टाकीची पातळी न चढता कळते. कोणता व्हॉल्व्ह साडेतीन फेरे फिरवायचा आणि कोणता चार फिरवला की इस्पितळाचं पाणी जातं, हे त्यांना ठाऊक. कोणता व्हॉल्व्ह नकाशात आहे पण जमिनीत नाही, आणि कोणता जमिनीत आहे पण 1971च्या युद्धाच्या धावपळीत डांबराखाली गेला, हेही त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं. सासरे त्याच पंपहाउसवर होते. छावणीत पाणी कुठे मुरतंय हे शोधायला समिती नेमावी लागत नाही. मामांना चहा सांगावा लागतो.

पण मामा साठाव्या वर्षी निवृत्त होणार, आणि त्यांच्या जागी कोण? लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या समितीच्या शिफारशींना धरून मे 2020 मध्ये एमईएसमधली 9,304 पदं रद्द झाली, बहुतेक अशाच हातकामाच्या श्रेणीतली. रिकामी पदं होती, कुणाच्या पोटावर पाय आला नाही, आणि फौजेतला खर्च लढणाऱ्या हातांकडे वळवायचा हा हिशेब चुकीचा म्हणवत नाही. आता व्हॉल्व्ह फिरवायला कंत्राटदाराचा मुलगा येतो. मुलगा हुशार आहे, आय.टी.आय. झालेला आहे. कंत्राट संपलं की पुढच्या कंत्राटदाराचा दुसरा हुशार मुलगा येतो. फेरे साडेतीन की चार, हे कोणत्याच कंत्राटात लिहिलेलं नाही.

वीज थोडक्यात. ती बाहेरून उच्च दाबाने एका ठिकाणी येते. पुढे घरोघरी पोचवणं तुमचं. डी.जी. सेट दर आठवड्याला चालवून पाहा, नाही तर नेमका ऑपरेशन थिएटरचा दिवा जाईल तेव्हा बॅटरी उतरलेली असेल. दारूगोळ्याच्या भांडारांवर वीजरोधक असतात, त्यांचं अर्थिंग कोरड्या दिवसांत मोजा. पावसाळ्यात जमीन ओली असते आणि रोध आपोआप कमी येतो, म्हणून कामचुकार माणूस पावसाळ्यातच मोजतो. या एका परिच्छेदात विनोद नाही. देहूरोड, पुलगाव इथे असाल तर हा आकडा स्वतः उन्हात उभं राहून मोजून घ्या.

हवाई दलाच्या तळावर नेमणूक झाली तर वरच्या सगळ्यात एक धावपट्टी मिळवा. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि पुण्याची प्रवासी विमानं तीच वापरतात. नव्याने थर देण्यासाठी ती 16 ते 29 ऑक्टोबर 2021 असे 14 दिवस पूर्ण बंद होती, त्याआधी जवळपास वर्षभर रात्रीची उड्डाणं थांबवून काम चाललं होतं. धावपट्टीवर सुटा राहिलेला एक खडा इंजिनात गेला तर काय होतं ते वैमानिक समजावून सांगतील. रस्त्याच्या कंत्राटदाराला हे समजावणं तुमच्याकडे.

शेवटची पायरी: जनरलसाहेबांची भेट. तारीख कळली की गेरू-चुना काढा. झाडांची खोडं, रस्त्याकडेचे दगड, कुंड्या, खांब, जे जे जागचं हलत नाही ते रंगवा. मोकाट कुत्रं झोपलेलं असेल तर आधी उठवा. व्ही.आय.पी. सूटमधला प्रत्येक नळ स्वतः उघडून पाहा, गरम पाणी येईपर्यंत थांबा, आणि त्या दिवशी मामांना रजा देऊ नका, त्यांच्या भाचीचं लग्न असलं तरी. लग्नाला गाडी पाठवा. भेट बहुधा वीस मिनिटांत आटोपते. जनरलसाहेब नळाकडे बघत नाहीत, ते व्हॉलीबॉलच्या मैदानाची चौकशी करतात.

गेरूचे डबे उरतील. ते स्टोअरला परत करण्याआधी एक काम उरका. कंत्राटदाराच्या त्या मुलाला आणि मामांना बरोबर घ्या, टेप घ्या, वही घ्या आणि सकाळी उन्हं चढायच्या आत पंपहाउसपासून चालायला लागा. मामा दाखवतील त्या प्रत्येक झाकणावर नंबर घाला. वहीत लिहा: कोणत्या कोपऱ्यापासून किती मीटर, किती फेरे, कुणाचं पाणी. डांबराखालचे असतील तिथे रस्त्यावर फुली मारा. मुलाला लिहू द्या, त्याचं अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं असेल. इस्पितळाच्या मागच्या बाजूला, पिंपळाजवळ, एका झाकणाला मामा हात लावू देणार नाहीत. ‘ते राहू द्या साहेब,’ म्हणतील. का, ते विचारा, सांगतील ते शब्दशः लिहून घ्या, झाकणावर नंबर घाला आणि झाकण उघडू नका.