शांतिपोल आणि उनपदेव

"मामा, ते आता खरं नाही."

देवपुरातल्या भाच्याचं हे वाक्य मला शेवभाजीच्या रश्श्यापेक्षा जास्त झोंबलं. विषय 'स्टार वॉर्स'मधल्या बी-विंग या लढाऊ यानाचा. मी वाचलेल्या गोष्टींत ते अ‍ॅडमिरल अ‍ॅकबारच्या पुढाकारानं तयार झालं. भाच्यानं पाहिलेल्या 'रेबेल्स' मालिकेत, २०१५ च्या एका भागात, क्वॅरी नावाचा एकांडा कारागीर त्याचा पहिला नमुना बांधतो.

२५ एप्रिल २०१४ ला लुकासफिल्मनं जाहीर केलं की सहा चित्रपट आणि 'क्लोन वॉर्स' एवढंच पक्कं. बाकीच्या जुन्या कादंबऱ्या, कॉमिक्स, खेळ 'लेजंड्स', म्हणजे दंतकथा. नव्या चित्रपटांना मोकळं रान हवं होतं, हे मला मान्य. पण त्यातून पोरं 'जुनं म्हणजे खोटं' असं शिकली, आणि ते साफ चूक आहे.

भाच्याला विचारलं, तुझा क्वॅरी राहतो कुठे? शांतिपोलवर. हे नाव मालिकेनं शोधलेलं नाही. वेस्ट एंड गेम्सनं १९८८ मध्ये काढलेल्या खेळपुस्तिकेचं नावच 'स्ट्राइक फोर्स: शांतिपोल', आणि बी-विंगचं गुप्त काम चालतं ते तिथेच. म्हणजे मालिका लिहिणाऱ्यांनी कारागीर नवा आणला, पण कारखान्याचा पत्ता जुनाच ठेवला. जुनी पुस्तिका हाताळलेल्या माणसाला तो पत्ता ऐकून काय वाटतं, ते मी सांगू शकतो. घरी आल्यासारखं वाटतं.

जुन्या कथेला नवं जोडायचं हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. शरभंग ऋषींच्या अंगाला व्याधी होती, रामानं बाण मारला आणि गरम पाणी उसळलं, ही तिथली कथा. गोमुखातून ते आजही वाहतं. वाल्मीकींच्या अरण्यकांडात बाण नाही, झरा नाही. शरभंग रामाला भेटून अग्निप्रवेश करतात. त्यांचा आश्रम चित्रकूटाकडेही दाखवतात. पण म्हणून उनपदेवाच्या पाण्यात उतरणाऱ्या कुणाला "हे खरं नाही" असं कोण सांगतं? आणि वाल्मीकींच्या त्याच प्रसंगात, शरभंगांना भेटायला आलेल्या इंद्राचा रथ जमिनीला न टेकता आकाशात उभा आहे. यानांचं वेड असलेल्या पोराला याहून चांगली सुरुवात मी काय देऊ?

जुन्या-नव्याचा सांधा कसा जुळवावा, हे 'रोग वन' या 'स्टार वॉर्स' चित्रपटानं २०१६ मध्ये दाखवलं. १९७७ च्या चित्रपटात नवखा ल्यूक एकदम 'रेड फाइव्ह' या नावानं लढाऊ यान कसा उडवतो? 'रोग वन'मध्ये आधीचा रेड फाइव्ह स्कॅरिफच्या लढाईत मरतो. जागा रिकामी होते. जुनं एक अक्षरही पुसलं नाही. शिवाय १९७७ ची न वापरलेली फिल्म काढून तेच जुने रेड लीडर आणि गोल्ड लीडर पुन्हा यानात बसवले. थिएटरात मी ते चेहरे ओळखले आणि डोळे भरून आले.

ए-विंग या दुसऱ्या लढाऊ यानाचं कोडं मात्र मला अजून सुटलेलं नाही. जुन्या पुस्तकांत जनरल डोडोना आणि वॉलेक्स ब्लिसेक्स ते यान १९७७ च्या चित्रपटातल्या याविनच्या लढाईनंतर आखतात. 'रेबेल्स'मध्ये ते त्याआधीच काही वर्षं उडतंय. भाचा म्हणतो, आधीचं यान साधं असेल, डोडोनानं त्यात सुधारणा केली असेल. असेल. असं कुणी नीट लिहून काढलं, तर जळगावच्या दुकानात मी पहिली प्रत सांगून ठेवीन. तोवर चोपड्याच्या एसटीची दोन तिकिटं काढतो. भाच्याला ते गरम पाणी हातावर घेऊन बघू दे.