अण्णा, कमांडरला ते ऑईल पाजू नका

एडमंटन, कॅनडा
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थरूप अण्णांस,


बाळूचा फोन आला होता. नव्या गाडीच्या डब्यात उरलेलं लिटरभर सिंथेटिक ऑईल तो आपल्या जुन्या कमांडर जीपमध्ये ओतायला निघाला, तुम्ही लोखंडी टॉमी घेऊन मागे लागलात आणि तेव्हापासून आई दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवतेय, असं कळलं. "ताई तेलाच्या मुलखात राहती, तिलाच विचारा," हे तुमचं फर्मानही पोचलं. आता एडमंटनच्या पूर्वेला रिफायनऱ्यांची रांग आहे हे खरं, पण म्हणून मला ऑईलमधलं कळतं म्हणणं म्हणजे नेकनूरच्या बाजारात वाढलेल्या प्रत्येकाला बैलाचे दात बघता येतात म्हणण्यासारखं झालं. (मला येतात, ते वेगळं.) तरी तुमच्या जावयांना वाचायला बसवलं आणि उलटतपासणी मी घेतली. निकाल ऐका.

आधी इथली गत. बाहेर उणे तीस. रात्री गाडी प्लगला लावून झोपायचं. बॉनेटमधून एक वायर लोंबते, टोकाला पिन. इंजिन गरम ठेवणारा हीटर असतो आत. आईला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली, "बॅटरीची गाडी घेतलाव का गं?" नाही आई, पेट्रोलचीच, फक्त थंडीने हुडहुडलेली.

अशा थंडीत साध्या, म्हणजे मिनरल ऑईलमधला मेणाचा अंश गोठतो. स्टार्टर मारून इंजिन फिरलंच, तरी पंपाला ऑईल ओढत नाही आणि लोखंडावर लोखंड घासतं. सिंथेटिक तेव्हाही वाहतं. डब्यावर डब्ल्यूच्या आधी जो आकडा असतो ना, तो याच थंडीचा हिशेब. ०डब्ल्यू उणे ३५ अंशांत इंजिन फिरू देतं, ५डब्ल्यू उणे ३०, १५डब्ल्यू उणे २०, २०डब्ल्यू उणे १५. नेकनूरला उणे पंधरा झालं, तर त्या दिवशी ऑईलची चिंता करायला कोणी शेकोटीपासून उठणार नाही. तेव्हा "कॅनडात सगळे हेच टाकतात" हा बाळूचा मुद्दा बाद.

पण "तेल ते तेल, सगळं सारखंच" हा तुमचाही बाद आहे, अण्णा. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनधारकांच्या संघटनेने २०१७ साली दोन्ही प्रकारची ऑईलं तपासून घेतली. तापून बिघडणं, गाळ धरणं, थंडीत वाहणं, सगळं मिळून सिंथेटिक सरासरी ४७ टक्के सरस निघालं. तेव्हा तिथे ऑईल बदलायचा खर्च मात्र साध्याचा ३८ डॉलर होता, सिंथेटिकचा ७०. बाळूच्या गाडीला टर्बो आहे. त्याची चक्री मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि तिचं बेअरिंग ऑईलवरच जगतं. मांजरसुंब्याचा घाट मे महिन्यात चढून गाडी लगेच बंद केली, तर तिथलं साधं ऑईल करपून कोळसा धरतं. कंपनीच्या पुस्तकात सिंथेटिक लिहिलंय, तर त्याला ते टाकू द्या. पैसे त्याचेच आहेत. (निदान तो तसं म्हणतो.)

त्याला एवढं मात्र सांगा की डब्यावर "फुल्ली सिंथेटिक" छापलं म्हणून भाव बघून भाळू नको. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांचा यावरून तंटा झाला. खनिज तेलच खूप शुद्ध करून, त्याची घडण बदलून काढलेलं ऑईलही त्या नावाने विकायला तिथल्या जाहिरात-लवादाने हरकत घेतली नाही. त्यामुळे नाव एकच असलं तरी आतला माल दोन जातींचा असतो.

आता कमांडर. तिला टर्बो नाही, घाई नाही, आणि तिच्या गॅस्केटच्या फटी बहुधा जुन्या गाळानेच बुजवून धरल्यात. नवं ऑईल कधीकधी तो गाळ धुऊन काढतं आणि मग अंगणात थेंब मोजत बसावं लागतं. शिवाय बाळूचं ऑईल पेट्रोल गाडीचं. डिझेलला त्याची काजळी पेलणारं वेगळं लागतं. म्हणून टॉमी उचललीत ते ठीकच केलंत, कारण काहीही असो. तुमचं ऑईल चार दिवसांत काळं पडतं म्हणून बाळू हसतो, तर त्याला सांगा, डिझेलमध्ये ते काळं पडतं कारण काजळी पोटात धरून ठेवतं. तेच त्याचं काम. सिंथेटिकच्या वरच्या पैशांत तुम्ही ऑईल फिल्टर दर खेपेला बदला, एअर फिल्टर झटकून झटकून किती वर्षं चालवणार? केज रस्त्याची धूळ आत गेली तर सोन्याचं ऑईलही कामाचं नाही. आणि सुट्टं ऑईल स्वस्त मिळतं म्हणून आणू नका, सीलबंद डबाच घ्या.

आईला नमस्कार. बाळूला आशीर्वाद, आणि दोघांनी आता एकमेकांशी थेट बोला.

तुमची,
ताई

ता. क. जळकं ऑईल विहिरीच्या अंगाला ओतू नका. इथे डबा विकत घेतानाच त्याच्या विल्हेवाटीचे पैसे कापून घेतात. जावई म्हणाले, हे बरंय, जन्माआधीच तेराव्याची वर्गणी.