घड्याळ पोचलं, साहेब!

मा. मनुष्यबळ अधिकारीसाहेब,


मला अठ्ठावन्न पूर्ण झाली त्या दिवशी तुम्ही शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलंत. ज्याला उद्यापासून कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ द्यायचं, हा विनोद मला उशिरा कळला.

सहा महिन्यांनी तुमची जाहिरात आली: टूलरूममधल्या शिकाऊ मुलांना शिकवायला माणूस हवा. मोबाइलवर अर्ज भरायला बसलो, तर जन्मवर्षाची यादी 1985 वर येऊन थांबली. नातू म्हणाला, "आजोबा, यांच्या हिशेबात तुम्ही जन्मलाच नाहीत."

समक्ष भेटलो. "काका, आराम करा, आता झेपायचं नाही," म्हणालात. बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पासष्टीपर्यंत निकाल देतात, पण निकाल देणं म्हणजे काही डाय बसवणं नव्हे! वर गेटवरची वॉचमनची जागा सुचवलीत. रात्रपाळी, बारा तास. आठ तास शिकवणं झेपत नाही, बारा तास जागरण झेपतं.

आरामाची सोयही झकास. ईपीएसचं, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचं, किमान पेन्शन 2014 पासून महिना हजार रुपये. माझं त्याहून जरा जास्त आहे. गॅस आणि रक्तदाबाच्या गोळ्या भागल्या की उरलेला महिना आरामच.

साठीपुढच्यांना काम मिळावं म्हणून केंद्र सरकारनं 1 ऑक्टोबर 2021 ला 'सेक्रेड' नावाचं पोर्टल काढलंय. साठी गाठली की नाव घालीन. तिथे तुमची कंपनी दिसली तर घड्याळ परत करीन.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच. परवा रात्री साडेअकराला टूलरूममधल्या पोराचा फोन आला. "काका, डाय बर मारतेय, कापलेल्या कडेला कंगोरे येताहेत." विचारलं, चहूकडून की एकाच बाजूनं? "एकाच बाजूनं." मग गाइड बुश झिजलाय, बदल. पहाटे लाइन चालू झाली. महिन्यातला हा चौथा फोन. तेव्हा माझं वय कुणी विचारत नाही. पोरांचा दोष नाही. त्यांना शिकवणारी जागा अजून रिकामीच आहे म्हणे.

तर साहेब, येत्या एक तारखेपासून फोनवरच्या सल्ल्याचे तासाला पाचशे रुपये. रात्री दहानंतर दुप्पट. ओव्हरटाइमचा दर तुम्हाला ठाऊक आहेच. आधीचे चार फोन शालीत वळते केलेत.

आपला,
टूलरूमचा काका